बापूंच्या घरचं गुप्त मतदान

लोकसभेच्या निवडणुकीत देशाचं जे व्हायचं ते होणारच होतं. पण त्याआधीच्या शुक्रवारी बापूंच्या, म्हणजे भावसिंगांच्या, ओसरीवर एक निवडणूक घ्यावी लागली, आणि ती देशाच्या निवडणुकीपेक्षा बरीच शिस्तीत पार पडली. निदान सुरुवात तरी शिस्तीत झाली.

या घरात ठराव मांडल्याशिवाय पान हलत नसे. आणीबाणीत हर्सूलच्या तुरुंगातून सुटून भावसिंग साखऱ्याजवळच्या या तांड्यावर परतले, ते लोकशाही सोबत घेऊनच. बैल विकायचा, ठराव. थोरल्या मुलाचं, देविदासचं, लग्न, ठराव. धाकट्या संतोषनं बारावीला पुन्हा बसावं की नाही, यावरही ठराव झाला आणि एका मतानं फेटाळला गेला. ते मत खुद्द संतोषचं होतं. घरात सगळे गोरमाटी ही बंजारा बोली बोलत, पण बैठक मराठीत चाले, कारण पक्षाचे ठराव मराठीत यायचे. भांडण पेटलं की मंडळी नकळत गोरमाटीवर घसरत. मग भावसिंग पाटावर हात आपटून म्हणत, "सभागृहाच्या भाषेत बोला."

ज्या समाजवादी पक्षाकडून भावसिंग हे सगळं शिकले, तो पक्ष केव्हाच संपला होता. आधी त्याचे दोन तुकडे झाले, मग त्या तुकड्यांचे तुकडे, आणि शेवटी जो तुकडा उरला त्याचा अध्यक्ष कोण यावर कोर्टात दावा लागला. सत्त्याहत्तर साली भावसिंगांनी एकदाच जिंकल्याचा आनंद चाखला. तो पुरता पोटात जायच्या आत सरकार पडलं. त्यानंतरची सारी हयात ते 'त्यातल्या त्यात बरा' उमेदवार शोधत राहिले. त्यातल्या त्यात बरा निवडून येई, बंगला बांधी, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच झेंड्याखाली उभा राही. या होळीला मात्र सगळा तांडा जमलेला असताना त्यांनी जाहीर केलं, की आता बास. आपण कुणाच्या स्टेजवर जाणार नाही, कुणाचं नाव घेणार नाही, तांड्यानं ज्याला द्यायचं त्याला मत द्यावं. तांड्यानं टाळ्या वाजवल्या. तांडा तसाही बरीच वर्षं ज्याला द्यायचं त्यालाच मत देत होता.

आणि मग वसरामचा फोन आला.

वसराम सत्ताधाऱ्यांचा उमेदवार होता. राजकारण तो याच ओसरीवर शिकला होता. भावसिंगांच्या बायकोच्या, पारुबाईंच्या, हातच्या भाकरी खाऊन, भावसिंगांच्या सायकलवर मागे बसून त्यानं समाजवाद तोंडपाठ केला, आणि पाठ झाल्यावर बाजारात नेला. चार पक्ष झाले. प्रत्येक पक्षात जाताना तो सांगे, की माझा मूळ विचार कायम आहे. तो कायम असावा, कारण वापरलेला कुणी पाहिला नव्हता. मधल्या काळात त्याची आश्रमशाळा झाली. त्या शाळेत देविदासची पोरगी रीता कितीतरी वर्षं बिनपगारी शिकवत होती. पगार 'मान्यता आल्यावर' मिळणार होता. आता मान्यता आली होती, जागा एक आणि आशेवर बसलेल्या तीन.

"रविवारी साखऱ्याला सभा हाय," वसरामनं देविदासला सांगितलं होतं. "बापूंना म्हणावं, बोलू नका. नुसतं बसा. आचारसंहिता उठली की पहिली ऑर्डर रीताची."

म्हणून शुक्रवारी सकाळी बैठक बसली. उन्हानं पत्रे कडकडत होते. संतोष हिंगोलीहून आला, नासेर औंढ्याहून बसनं आला. नासेर शिंपी हर्सूलला भावसिंगांच्याच बराकीत होता; त्या सोबतीवर त्याला या घरात मताचा अधिकार मिळाला होता, तो आजवर कुणी काढून घेतला नव्हता. आता त्याच्या दुकानात सगळ्या पक्षांची उपरणी शिवली जात. एका रंगाचा दोरा संपला की तो दुसऱ्या रंगाचं काम हातात घेई.

"ठराव," भावसिंग पाटावर बसत म्हणाले.

"बापूंनी रविवारी वसरामभाऊच्या सभेत स्टेजवर बसावं," देविदासनं मांडलं.

"अनुमोदन?"

स्वयंपाकघराच्या दारातून देविदासच्या बायकोचा, शिलाचा, हात बाहेर आला. हाताला पीठ होतं. "माझं."

"अनुमोदकानं सभागृहात यावं."

"भाकर करपंल, बापू. हितूनच हाय अनुमोदन."

भावसिंगांनी ते चालवून घेतलं. त्यांना या बैठकीची काळजी नव्हती. मनात त्यांनी मतं मोजून ठेवली होती. देविदास आणि शिला एकीकडे. आपण, नासेर आणि संतोष दुसरीकडे. पारुबाईचा हात जन्मभर आपल्या हातामागून वर गेला होता, तो आजही जाईल. रीताचं त्यांनी मोजलं नाही. तिच्याकडे बघायचंच ते टाळत होते.

"मी बसलो म्हंजे काय व्हईल, सांगतो," ते म्हणाले. "वसराम माझ्या पाया पडंल. फोटो निघंल. उद्याच्याला म्हणंल, समाजवाद्यांनी आशीर्वाद देला. म्या तुरुंगात काढलेले दिवस त्याच्या खात्यावर जमा. मला सांगा, ज्यानं आपल्यालाच विकलं त्याच्या दुकानात मी बाहुला म्हून काहून बसू?"

"बराबर," नासेर म्हणाला. "एकदम बराबर. अपना उसूल है. सर कटेगा, स्टेज पे नै चढेगा."

"बापू बराबर बोलून राहिले," संतोषही पुढे सरकला. "वसरामच्या स्टेजवर जायचंच न्हाई. जायचं तर आमच्या. आमी संविधान वाचवून राहिलो."

"कोणाच्या गाडीत बसून?" भावसिंगांनी विचारलं.

संतोषनं दाराकडे बघितलं. वसरामच्या विरोधातला, संतोषचा उमेदवार कारखानदार होता आणि दाराशी उभी असलेली गाडी कारखान्याची होती.

"गाडी कोणाची का असंना, संविधान तर आपलं हाय."

"मागल्या खेपंला तुझा कारखानदार वसरामच्या आताच्या पक्षात व्हता, अन् वसराम त्याच्या. तवा बी तुमी दोघं भाऊ एकमेकाशी बोलत नव्हतेत. पक्ष त्यांनी बदलले, अबोला तुमी चालू ठेवला."

देविदास हसला. मग आपण हसतोय हे लक्षात येऊन थांबला. त्याला बापाचा राग होता आणि त्या रागात थोडा अभिमानही होता; गेल्या पंधरवड्यात वसरामच्या ऑफिसात ताटकळत बसून त्यातला अभिमान मात्र बराच झिजला होता. तिथं चहा देणारेसुद्धा विचारत, "म्हातारं येतंय का?"

"बापू, तुमाला काय बसायचंच हाय ना," तो म्हणाला. "हितं ओसरीवर बसता, तिथं खुर्चीवर बसा. कूलर राहील."

"कूलरसाठी विचार सोडू?"

"विचार सोडा म्हणलं का कोणी? घेऊन बसा संगं. वसरामभाऊची काय हरकत न्हाई विचाराला."

"त्याची हरकत न्हाई, हेच तर दुखणं हाय!"

आता शिला बाहेर आली. तव्यावर भाकरी होती, ती तशीच टाकून आली. "बापू, मला ठरावातलं कळत न्हाई. माझी पोरगी रोज एस्टीनं जाते, पन्नास लेकरं सांभाळते, संध्याकाळी हात हालवत येते. तिच्यामागून आलेली कारकुनाची सून परवा म्हणून राहिली, की ती जागा माझी झाली. तुमचा समाजवाद यायचा तवा येऊ द्या. मी काय त्याला आडवी हाय का? पर तवर माझी पोरगी म्हातारी व्हईल."

भाकरीचा करपट वास ओसरीवर आला. भावसिंगांना पाटावर हात आपटून 'विषयाला धरून बोला' म्हणायचं होतं, पण बाई विषयालाच धरून बोलली होती.

"रीता," ते शेवटी म्हणाले, "तुला काय बोलायचं?"

रीता खांबाला टेकून बसली होती. तिला अक्षरओळख याच माणसानं करून दिली होती, पक्षाच्या साप्ताहिकावर बोट ठेवून. पहिलीच्या वर्गात बाईंनी 'भ' वरून शब्द विचारला, तर ती 'भांडवलशाही' म्हणाली होती आणि वर्ग हसला होता. तिला ती नोकरी हवी होती. इतकी, की त्या हवं असण्याची तिला लाज वाटे. आणि वसरामच्या बाजूला उपरणं घालून बसलेले बापू तिनं रात्रभर डोळ्यांसमोर आणून पाहिले होते. तेही तिला सहन होत नव्हतं.

"मला काही बोलायचं नाही," ती म्हणाली.

"मग मतदान. हात वर करा. ठरावाच्या बाजूनं..."

"थांबा," पारुबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पारुबाई बैठकीत बोलत नसत. त्या भिंतीशी बसून सुपात काही ना काही निवडत आणि मतदानाच्या वेळी सूप खाली ठेवत.

"आज हात न्हाई वर करायचे. आज गुपचूप मत द्यायचं."

"गुप्त मतदान?" भावसिंगांना खरोखर धक्का बसला. "घरात? आपल्याच माणसापासून काय लपवायचं, देविदासची याडी?" 'आई'साठीचा गोरमाटी शब्द त्यांच्या तोंडून नकळत निसटला.

"आपल्याच माणसापासून लपवावं लागतं. दिल्लीला पाठवायच्या माणसाला मत द्यायचं तर पुठ्ठा आडवा लावता. तो कोण, कुठला, तुमाला वळखत बी न्हाई. अन् घरात मातर तुमच्या डोळ्याम्होरं हात वर. तुमी भुवई उचलता, माझा हात उचलतो. सारी उमर हेच चाललं. आता खांदा बी दुखून राहिला."

"म्हंजे तुला इतकी सालं येगळं मत द्यायचं व्हतं?"

"कधी कधी," पारुबाई म्हणाल्या. "बैलाच्या टायमाला."

नियमानुसार गुप्त मतदान घ्यावं की नाही, यावर आधी उघड मतदान घ्यावं लागलं. ते मंजूर झालं. भावसिंगांशिवाय सगळ्यांचे हात वर होते, आणि नासेरचा हात तर इतक्या झटक्यात वर गेला, की तो स्वतःच बावचळला.

आतल्या अंधाऱ्या खोलीत पारुबाईंनी तांब्याचा गडवा ठेवला, शेजारी ताटलीत ज्वारी आणि तूर. ज्वारी म्हणजे स्टेजवर बसा, तूर म्हणजे बसू नका. एकानं एकच दाणा टाकायचा.

"हरकत," भावसिंग म्हणाले. "ज्वारी रोजच्या खाण्यातली. हात आपसूक तिकडं जातो. हा चिन्हवाटपात पक्षपात हाय."

"मग तूर काय पाव्हण्याला घालतो का आपण?" पारुबाई म्हणाल्या, आणि हरकत निकालात निघाली.

देविदास आत गेला, ज्वारी टाकून आला. शिला गेली, तिनं मूठ भरली असावी, कारण आतून दाण्यांचा आवाज आला आणि बाहेरून सगळे एकदम ओरडले, "एकच!" दाणे परत ताटलीत पडल्याचं ऐकू आलं.

संतोष गेला. गडव्यासमोर उभं राहिल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. बापू वसरामच्या स्टेजवर बसले, तर कारखानदाराला कळेल की हे घर हातचं चाललंय. मग तो संतोषला स्वतः फोन करील. आजवर तो स्वतः फोन करत नव्हता. शिवाय पुतणीचं भलं होत होतं. संविधानाच्या व्यापक हितासाठी त्यानं ज्वारी उचलली आणि गुणगुणत बाहेर आला.

नासेर तूर टाकायलाच गेला होता. तूर हातात घेतलीही. मग त्याला आठवलं, गेल्या रमजानात त्याची नात मंतशा तापानं फणफणली होती, तेव्हा हीच रीता औंढ्याला येऊन चार दिवस तिच्या उशाशी बसली होती. उसूल आपल्या जागी होता. नासेरनं तूर ताटलीत ठेवली, कुणी बघत नसतानाही इकडेतिकडे बघितलं, आणि ज्वारी टाकली. बाहेर येताना तो रीताकडे न बघता चपला शोधू लागला.

पारुबाई आत गेल्या आणि लगेच परत आल्या. त्यांचा विचार आधीच झालेला होता.

मग रीता उठली. आत उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तिनं ताटलीत बोटं फिरवली. काका गुणगुणत बाहेर आला होता, नासेरचाचा चपला शोधत बसला होता. दोघांचं काय झालं असणार हे तिला कळलं होतं. वर्गात कॉपी केलेलं पोरगं असंच वागतं. गुप्त मतदान मागणाऱ्या आजीचं तर उघडच होतं. म्हणजे गडव्यात पाच ज्वारी होत्या. आता बापू येतील, अध्यक्ष म्हणून सर्वांत शेवटी, आणि आपली एकुलती एक तूर टाकतील. मग ती सुपावर सगळ्यांसमोर पडेल आणि म्हाताऱ्याला कळेल, की पन्नास वर्षांच्या खटपटीनंतर स्वतःच्या ओसरीवरही तो एकटाच आहे. तिनं टाकली काय, न टाकली काय, ठराव मंजूर होणारच होता. नोकरी कुठे जात नव्हती. निदान दोन तरी दिसू देत. रीतानं तूर टाकली. टाकल्यावर तिला बरं वाटलं, फुकटात मोठं मन दाखवता आल्यावर वाटतं तसं.

भावसिंग आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. शिलानं देविदासकडे बघितलं, देविदासनं घड्याळाकडे. नासेर पुटपुटला, "सोच रहा होगा बेचारा." शेवटी ते धोतराला हात पुसत आले आणि पाटावर बसले.

"मोजा," ते म्हणाले.

संतोषनं गडवा सुपात पालथा केला. मोजायला काही वेळ लागला नाही. सहा ज्वारी, एक तूर.

ठराव मंजूर झाला होता, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण तासाभरापूर्वी तिघं छातीठोकपणे विरोधात बोलले होते आणि सुपात तूर एकच होती, हा हिशेब तांड्यावरच्या बालवाडीलाही जमला असता. नासेरनं संतोषकडे बघितलं. संतोषनं नासेरकडे बघितलं. दोघांच्या माना एकदमच खाली गेल्या.

मग नासेर उठला आणि भावसिंगांसमोर जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माफ कर यार. बच्ची का चेहरा सामने आ गया. हात फिसल गया. तूच एक मर्द निकला."

"मी पण, बापू," संतोष म्हणाला. "म्हंजे माझं धोरण म्हून व्हतं. पर तुमी... तुमी ठाम राहिलात."

देविदासला भरून आलं. जिंकलेल्या माणसाला भरून यायला काही खर्च नसतो. पण त्याचं खरं होतं. तो वाकून बापाच्या पाया पडला. "येवढ्या सगळ्यांत एकटे राहिलात, बापू. तुमच्यासारखं माणूस आता न्हाई मिळायचं." शिलानं पदरानं डोळे टिपले आणि आत जाऊन चहा टाकला. पारुबाई तेवढ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी सूप उचलून पुन्हा निवडायला घेतलं.

भावसिंग ताठ बसले होते. हे सगळं ते ऐकत होते. आता ते म्हणतील, रीताला वाटलं. आत्ता म्हणतील, की ती तूर माझी नव्हे.

"मला अल्पमताची सवय हाय," भावसिंग म्हणाले.

नासेरनं त्यांना मिठी मारली.

रीता जागची हलली नाही. आजवर घरातल्या सगळ्यांची समजूत अशी होती, आणि तिचीही, की बापूंना पोटच्या पोरांपेक्षा पक्ष प्यारा, आणि पक्ष मेल्यावर त्याचं सुतकही घरापेक्षा प्यारं. तिनं त्यावर लहानपणी रडून घेतलं होतं, मोठेपणी हसून घेतलं होतं. आज अंधाऱ्या खोलीत कुणी बघत नसताना त्या माणसानं तिच्यासाठी ज्वारी टाकली होती. ज्या गोष्टीची आस तिनं केव्हाच सोडली होती ती मिळाली, आणि तिला ती परत करावीशी वाटत होती. तिला त्यांचा भयंकर राग आला. तेवढीच मायाही आली.

चहा झाला. मंडळी उठली. संतोष गाडीपाशी जाऊन कुणाला तरी फोनवर सांगू लागला, की घर हातचं चाललंय. देविदास दुसऱ्या टोकाला उभा राहून वसरामला फोन लावू लागला. नासेर पत्र्याखालच्या सावलीत पाय धुवायला गेला.

भावसिंग अजून पाटावरच होते. त्यांचा हिशेब कधीच झाला असावा. संतोष नाही, नासेर नाही, देविदास-शिला तर नाहीतच. पारुबाईंकडे त्यांनी बघितलं, तर त्या मान हलवून म्हणाल्या, "माझ्याकडं काहून बघून राहिलात? म्या ज्वारी टाकली." मग त्यांनी खांबाकडे बघितलं.

"तू व्हय?" त्यांनी हळू विचारलं.

रीतानं होकारार्थी मान हलवली.

"तुझ्याच नोकरीचा ठराव व्हता, पोरी. तू काहून टाकलीस तूर?"

"तुमची एकटी पडू नये म्हणून."

भावसिंगांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तो अर्ध्यातच राहिला. तेवढ्यात देविदास फोन घेऊन धावत आला.

"बापू, वसरामभाऊ लाइनवर हाय. बोला. विचारून राहिलेत, नक्की ना?"

भावसिंगांनी फोन कानाला लावला. "येतो," ते म्हणाले. पलीकडे ऐकू गेलं नाही. मागे घोषणा चालल्या होत्या बहुतेक. वसरामनं पुन्हा विचारलं, आणि नातीकडे पाठ करून भावसिंगांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.